मैत्री वस्तीपर्यंत पोचावी

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील सेवा क्लबांच्या एकत्र मेळाव्यात ‘परदेशी क्लबांशी मैत्री’ या विषयावर एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण. पारधी वस्त्यांवर काम करणाऱ्या आपल्या वाचकांना ते उपयोगी पडेल म्हणून येथे छापत आहोत.)



मला बोलावताना सचिव म्हणाले, “बाई, परदेशातला क्लब कसा शोधायचा, त्यांना पत्र कसे लिहायचे आणि प्रकल्प कसा मिळवायचा, एवढे सांगा.” यातला शेवटचा शब्द माझ्या मनात अडकून राहिला. ‘मिळवायचा.’ आमच्या क्लबनेही बरोबर याच शब्दापासून सुरुवात केली होती, आणि तिथेच आमचे चुकले. म्हणून आधी ती चूक सांगते. क्लब कसा शोधायचा ते त्यानंतर.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका सदस्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकत होता. त्याच्या ओळखीने तिथल्या एका लहान गावातल्या क्लबशी आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांनी पहिल्या पत्रात आमच्या घरच्यांची, शेतीची, पावसाची चौकशी केली. आम्ही उत्तरात प्रकल्पाचे अंदाजपत्रक पाठवले. त्यांनी पुन्हा विचारले, तुमच्या गावात लोक काय काम करतात, सणाला काय करतात? आम्ही सुधारित अंदाजपत्रक पाठवले. अखेर पैसे मंजूर झाले, रीतसर मार्गाने आले, आणि इंदापूर तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवर ४० सौर दिवे वाटायचे ठरले. वस्ती गायरानावर, जागा कोणाच्या नावावर नाही, त्यामुळे वीज नाही. दिव्यांची गरज खरीच होती.

वाटपाचा कार्यक्रम झकास झाला. मांडव होता, फलक होता, हार-तुरे होते. प्रत्येकाच्या हातात दिवा देताना फोटो काढला. तासाभरात आम्ही परत निघालो आणि इंदापुरात येऊन जेवलो. वस्तीवर कोणी पाण्याचा घोटही घेतला नाही. कोणी ठरवून टाळले असे नाही. घ्यावा, असे कोणाच्या मनातच आले नाही.

दुसरा पावसाळा संपेपर्यंत त्या दिव्यांच्या बॅटऱ्या उतरल्या. मला हे कळले, कारण वस्तीवरची एक मुलगी माझ्या वर्गात होती. मी सचिवांच्या कानावर घातले. पण १ जुलैला पदाधिकारी बदलले होते. नवे म्हणाले, तो जुन्या मंडळींचा प्रकल्प. जुने म्हणाले, आता ते नव्यांनी बघावे. आणि परदेशी क्लबला दर वर्षी जो अहवाल जायचा, त्यात पहिल्या दिवसाचेच फोटो पुन्हा गेले. खाली लिहिले होते, ‘दिवे उत्तम चालू आहेत’. त्या अहवालाचे इंग्रजी मीच तपासून दिले होते. व्याकरण बिनचूक होते.

मग एका हिवाळ्यात तिकडचे एक जोडपे आले. ते गृहस्थ शाळेच्या बसवर चालक होते, निवृत्त झालेले. बाई नर्स. आम्ही त्यांना मोरगावचा मयूरेश्वर दाखवला, साखर कारखाना दाखवला, भिगवणला रोहित पक्षी दाखवले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “आता दिवे बघायचे.” आम्ही म्हणालो, रस्ता खराब आहे. ते म्हणाले, चालत जाऊ. आम्ही म्हणालो, लोक कामावर गेले असतील. ते म्हणाले, थांबू.

जीप वस्तीजवळ गेली तशी तरुण पोरे मागच्या बाजूने पांगली. तिथे जीप म्हणजे पोलीस. एक आजी तेवढ्या बसून राहिल्या. मला त्यांनी ओळखले. आत गेल्या आणि एक पोते ओढत बाहेर आणले. त्यात आमचे दिवे होते, फडक्यात गुंडाळलेले. म्हणाल्या, “मोजून घ्या बाई. एकतीस हायेत. बाकीचे पोरांच्या हातनं फुटले. पन इकला एक बी न्हाई.”

आजींना वाटले होते, आम्ही दिवे परत न्यायला आलो आहोत. एवढी वर्षे बंद पडलेले दिवे त्यांनी सांभाळले, कारण एक दिवस कोणीतरी येईल, मोजेल आणि चोरीचा आळ घेईल, याची त्यांना खात्री होती. पाहुण्यांनी विचारले, “काय म्हणतात त्या?” भाषांतर मलाच करायचे होते. खोटे सांगते क्षणभर, की आजी तुमचे आभार मानत आहेत, असा विचार माझ्या मनात आला. आला होता, हे कबूल करते. पण नंतर मी ते वाक्य होते तसे सांगितले.

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी आजींशेजारी जमिनीवर बसल्या. आजींनी चहाचे विचारले, आणि त्या हो म्हणाल्या. बिनदुधाचा, गुळाचा चहा झाला. आम्ही पाच सदस्यही मग टेकलो. इंदापूरपासून बारा किलोमीटरवरची ती वस्ती. तिथे आमच्यातल्या कोणी आयुष्यात पहिल्यांदा घेतलेला तो चहा होता, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियातून माणूस यावा लागला.

रात्री त्यांनी विचारले, “तुम्हाला माहीत होते?” मी हो म्हटले. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “आमच्या बैठकीत दोन वर्षे मी लोकांना सांगतो आहे की दिवे चालू आहेत. आता परत गेल्यावर उभे राहून सांगावे लागेल, की ते खरे नव्हते.” ते पैसे कसे जमवले तेही त्या रात्री कळले. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शनिवारी टेबल मांडून, पावात भाजलेले सॉसेज घालून त्यांनी विकले होते. त्यांच्या क्लबात निम्मे लोक पेन्शनवर जगणारे. आम्हाला वाटत होते, परदेश म्हणजे पैशाचे झाड.

मित्रहो, एवढे सांगून मी आजच्या विषयाकडे येते.

आपण ज्या सेवा क्लबांचे सदस्य आहोत, त्यांची मुळे फार साधी आहेत. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना एकत्र बसवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचे, म्हणून नाव पडले रोटरी. त्यांचे पहिले मोठे लोकोपयोगी काम कोणते होते, माहीत आहे? शिकागो शहरात सार्वजनिक शौचालये. मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ साली लायन्स सुरू झाले आणि १९२५ साली हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले. आज आपल्याकडच्या गावोगावच्या नेत्रशिबिरांमागे तो धागा आहे. १९२१ मध्ये रोटरीचे अधिवेशन पहिल्यांदा अमेरिकेबाहेर, एडिंबरोला भरले आणि देशादेशांतला सलोखा हा रोटरीच्या उद्दिष्टांत आला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ज्यांची मुले त्यात गेली होती, असे लोक त्या सभागृहात बसले असतील. त्यांनी ‘प्रकल्प मिळवणे’ असे उद्दिष्ट लिहिले नाही. माणसांची ओळख व्हावी, असे लिहिले.

अशा मैत्रीतून मोठे काम उभे राहत नाही का? राहते. पोलिओचे उदाहरण घ्या. १९८५ मध्ये रोटरीने जगातून पोलिओ हटवायचा कार्यक्रम हाती घेतला. पैसा जगभरच्या क्लबांतून आला. पण डोस पाजायला आपल्याच अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि स्वयंसेवक फिरले. आपल्या भागात मूल घरी सापडेलच असे नसते. ऊसतोडीच्या कोप्यांवर, वीटभट्टीवर, पालावर, एसटी स्टँडवर जाऊन डोस द्यावे लागले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. जगातली सगळी मैत्री एकत्र आली, तरी पालावरचे एक मूल सुटले असते तर काम अपुरे राहिले असते. परदेशी मैत्रीचे मोजमाप मी यावरूनच करते. ती शेवटच्या पालापर्यंत पोचली का?

बारामतीला तर ही गोष्ट नवी नाही. ऑस्ट्रेलियाशी आपले नाते आपल्या क्लबांहून जुने आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या मंडळींचे मिशनरी बारामतीत आले. शाळा, दवाखाना, अनाथ मुले अशी कामे त्यांनी केली. आणि आणखी एक काम त्यांच्याकडे आले, ज्याची आठवण आपण सहसा काढत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरे. कुटुंबेच्या कुटुंबे वसाहतीत ठेवली जात, तिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्ध आहे. तशी एक वसाहत बारामतीतही होती आणि तिची व्यवस्था या ऑस्ट्रेलियन मिशनकडे होती.

त्यात दयेने वागणारी माणसे होती, यात शंका नाही. मुलांना अक्षरे शिकवली, हाताला काम दिले. पण कायदाच अन्यायाचा होता, आणि दयाळू माणूसही हजेरीचे पुस्तक हातात घेऊनच दारात उभा राहायचा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण नाव लिहून घेणाऱ्या माणसाची भीती राहिली. आजींनी दिवे फडक्यात गुंडाळून ठेवले ते याच भीतीपोटी. आम्ही वाटपाच्या दिवशी काय केले होते? टेबल मांडून, एकेकाचे नाव पुकारून, वहीत अंगठा घेतला होता.

दुसरी आठवण चांगली आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७२च्या दुष्काळात बारामतीचा जिराईत भाग होरपळला होता. त्या काळात ‘कासा’ या संस्थेमार्फत परदेशातून आलेला गहू आणि तेल मजुरीपोटी देऊन या भागात पाझर तलावांची कामे झाली. ही संस्था भारतातल्या चर्चनी १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांच्या मदतीसाठी काढली होती. धान्य परक्याचे, पण तलाव कुठे घ्यायचा ते इथल्या माणसांनी ठरवले, माती इथल्या हातांनी वाहिली. म्हणून तो तलाव गावाचा झाला. त्याचा गाळ काढायला परदेशी पत्र लिहावे लागत नाही. आमचे दिवे गावाचे झाले नाहीत, कारण ते आम्ही ठरवले, आम्ही आणले आणि आम्हीच वाटले.

आता कामाच्या गोष्टी सांगते. हे अनुभवातून शिकलेले आहे.

पहिली गोष्ट, मैत्री एका वर्षाच्या पदावर टांगू नका. आपल्या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. तिकडेही तेच. म्हणजे दोन्ही बाजूंचे अध्यक्ष एकाच दिवशी बदलतात, आणि निम्म्याहून अधिक परदेशी मैत्र्या त्याच दिवशी मरतात, असा माझा अंदाज आहे. पत्रव्यवहारासाठी एक माणूस किमान तीन वर्षांसाठी नेमा. सगळी पत्रे एका फायलीत ठेवा. फाइल क्लबची, माणसाच्या घरची नव्हे.

दुसरी, पहिल्या सहा महिन्यांत पैशाचा विषय काढू नका. आपल्याबद्दल लिहा, त्यांच्याबद्दल विचारा. आमच्या आताच्या पत्रांत उजनीचे पाणी किती टक्क्यांवर आले ते असते, उसाचा दर असतो, कोणाच्या नातीचे बारसे असते. त्यांच्या पत्रांत जंगलाला लागलेली आग असते, मेंढ्या असतात, म्हाताऱ्या सदस्याचे आजारपण असते. मोबाइलवरून समोरासमोर बोलायचे असेल तर वेळेचे भान ठेवा. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे आहे, आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच तास. आपण संध्याकाळी सात वाजता हौसेने फोन लावला, तेव्हा तिकडे मध्यरात्र होत आलेली असते. रविवारी सकाळी दहाची वेळ दोघांनाही सोयीची पडते.

तिसरी, पैशाचा कायदा समजून घ्या. परकीय योगदान नियमन कायदा २०१० सालचा आहे आणि २०२० मध्ये तो अधिक कडक झाला. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीला देता येत नाही, आणि कारभारखर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. पाहुणे प्रेमाने म्हणतील, “तुमच्याच खात्यावर पाठवतो, तुम्ही द्या.” नम्रपणे नाही म्हणा. रोटरीच्या क्लबांना त्यांच्या फाउंडेशनची वाट आहे. पण तिथेही जागतिक अनुदानाचा प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा लागतो, आणि एक क्लब इथला व एक परदेशातला असे दोन जबाबदार क्लब लागतात. लहान क्लबला हा आकडा झेपत नाही. त्यासाठी बारामती-इंदापूरच्या दोन-तीन क्लबांनी एकत्र यावे. आजचा हा मेळावा मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

चौथी, ज्या वस्तूचा सुटा भाग बारामतीच्या बाजारात मिळत नाही, ती वस्तू घेऊ नका. त्या ३१ दिव्यांपैकी २२ दिवे पुढे इंदापुरातल्या एका वायरमनने नेहमीच्या बॅटऱ्या बसवून चालू केले. खर्च आमच्या क्लबने केला, वर्गणी काढून. त्याच वस्तीवरच्या दोन पोरांनी ते काम शिकून घेतले. हे पहिल्या दिवशीच करता आले असते.

पाचवी, फोटो. मुलाचा चेहरा, नाव आणि ‘गरीब पारधी मूल’ असे शब्द एकत्र छापू नका. ते मूल उद्या कॉलेजात जाईल, नोकरी मागायला जाईल. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नाही म्हटले तर कॅमेरा खिशात घाला. आपल्या नातवाचा असा फोटो परदेशी मासिकात आलेला आपल्याला चालेल का, एवढा प्रश्न पुरे.

सहावी, वाईट बातमी आधी कळवा. पाहुणे परत गेल्यावर आम्ही त्यांच्या क्लबला सगळे खरे लिहिले. कोणता दिवा कधी बंद पडला, अहवालात काय खोटे गेले, ते सगळे. आम्हाला वाटले, आता उत्तर येणार नाही. उत्तर आले. त्यांनी लिहिले की आमच्याही गावात, मूळ रहिवाशांच्या वस्तीत, आम्ही अशीच एक गोष्ट करून बसलो आहोत आणि त्यावर कधी बोललो नाही. त्या पत्रानंतर आमची मैत्री सुरू झाली असे मी मानते. आधीचा होता तो व्यवहार.

आणि सातवी गोष्ट, वस्तीला विचारा. हे सर्वांत सोपे आणि आम्ही सर्वांत शेवटी केलेले काम. चहाच्या त्या दिवसानंतर आम्ही अधूनमधून वस्तीवर जाऊन बसू लागलो. हातात वही न घेता. चार-पाच महिन्यांनी लोक बोलू लागले. काय हवे, या प्रश्नाला कोणी दिवे म्हटले नाही, कपडे म्हटले नाही. सगळ्यांचे एकच मागणे होते. पोरांना जातीचा दाखला.

महाराष्ट्रात पारधी समाज अनुसूचित जमातीत आहे. शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, वसतिगृह, नोकरी, सगळे त्या दाखल्यावर अडते. दाखल्यासाठी कुटुंबाचा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आता सांगा, ज्याचे पणजोबा पालावर जन्मले, आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने १९५० चा कागद आणायचा कुठून? गृहचौकशी करून, नातलगांच्या नोंदी काढून मार्ग निघू शकतो. पण त्यासाठी कोणीतरी तहसील आणि प्रांत कार्यालयात दहा वेळा जावे लागते. वस्तीवरचा माणूस एका हेलपाट्यात दिवसाची मजुरी घालवतो, आणि दारातल्या शिपायाच्या एका प्रश्नाने परत फिरतो.

हा दाखला ऑस्ट्रेलियातला मित्र देऊ शकत नाही. तो मिळवून द्यायला बारा किलोमीटरवरचा शेजारी लागतो. आपल्या क्लबांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त तलाठी आहेत, मुख्याध्यापक आहेत. आमच्या क्लबच्या दोन सदस्यांनी दर मंगळवारी एका कुटुंबाबरोबर कार्यालयात जायचे ठरवले. आतापर्यंत अकरा मुलांचे दाखले झाले. आकडा लहान आहे, पण त्यातली एक मुलगी आता नर्सिंग शिकते. दिव्याखाली अभ्यास करून ती दहावी झाली, असे सांगायला मला आवडले असते. पण दिवा तेव्हा बंद होता. ती शाळेच्या व्हरांड्यातल्या बल्बखाली बसून शिकली.

तरी परदेशी मित्र यात काहीच करू शकत नाहीत, असेही नाही. आम्ही त्यांना एक काम सांगितले आहे, त्याला एक डॉलरही लागत नाही. बारामतीच्या सेटलमेंटचे मिशनकडचे जुने अहवाल, पत्रे, फोटो ऑस्ट्रेलियात कुठे जपून ठेवलेले असतील, तर ते शोधा. त्यात इथल्या कुटुंबांची नावे, जमात, वर्ष अशा नोंदी असतील तर आम्हाला कळवा. पुरावा म्हणून तो कागद चालेल की नाही, हे इथले अधिकारी ठरवतील. पण ज्या नोंदवहीने आजोबांना गुन्हेगार म्हणून मोजले, तिनेच नातवाला त्याचा हक्क मिळवून दिला, तर त्या वहीचे थोडे तरी पाप फिटेल. त्या निवृत्त बसचालकांनी हे काम अंगावर घेतले आहे. दर महिन्याला शहरात जाऊन ते जुने कागद चाळतात. अजून नाव सापडलेले नाही. त्यांनी थांबायचे म्हटलेले नाही.

मैत्रीत देणे दोन्हीकडून असते. वस्तीकडे देण्यासारखे काय, असे आम्हाला वाटायचे. मागच्या हिवाळ्यात ते जोडपे पुन्हा आले. ते पक्षीवेडे आहेत. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिमालय ओलांडून आलेली राजहंसासारखी पट्टकदंब बदके बघायला आम्ही निघालो, तेव्हा वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांना बरोबर घेतले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि पारध्यांचा पिढीजात धंदा गुन्हा ठरला. कायदा योग्यच आहे. पण त्या पोटी शिकलेली पाखरांची विद्या कोणी जपली नाही. बाबांनी झुडपाआड बसून तोंडाने तित्तराचा आवाज काढला आणि पलीकडून खऱ्या तित्तराने उत्तर दिले. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बाबा मला म्हणाले, “बाई, ह्येला सांगा, आता धरत न्हाई. नुसतं बोलतो त्यांच्याशी.”

ते मी तसेच भाषांतर करून सांगितले. या वेळी मला काही लपवायचे नव्हते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जरूर परदेशी मैत्री जोडा. पत्रे लिहा, पाहुण्यांना घरी ठेवा, त्यांना पिठले-भाकरी खाऊ घाला, तुमची मुले त्यांच्याकडे पाठवा. पण पहिले पत्र टाकण्याआधी एक करा. आपल्या गावापासून सर्वांत जवळची पारधी वस्ती कोणती, तिथे किती मुले शाळेत जातात आणि किती जणांकडे दाखला आहे, एवढे स्वतः जाऊन बघून या. गेल्यावर टेबल मांडू नका. चहा दिला तर घ्या.

सचिवांनी पंचवीस मिनिटे दिली होती, ती संपली. पुढच्या मंगळवारी प्रांत कार्यालयात आणखी तीन कुटुंबांना घेऊन जायचे आहे, आणि आमचे दोन सदस्य त्या दिवशी परगावी आहेत. सकाळी साडेदहाला दोघांची गरज आहे. भाषणानंतर मी दाराजवळ थांबते. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला भेटावे.